घोडीकडची वंशावळ

त्याला कामावर सगळे भिंगरी म्हणत, आणि ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याने डोळे उघडे ठेवून ठेवलं होतं. एका जागी बसला की याचा पाय हलायला लागायचा, पाय दाबून धरला तर बोटं टेबलावर वाजायची, आणि दोन्ही आवरली तर स्वारी उठून खिडकीशी. जेवायला बसला की पाणी आणायला उठणार, पाणी आणलं की पंखा कमी करायला उठणार. बायको म्हणायची, "अहो, तुमच्या ताटाला चाकं लावून घ्या, म्हणजे ते तरी तुमच्या मागे फिरेल." ती दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची. बसायला मिळणं ही तिच्या लेखी चैन होती, आणि ती चैन नवरा रोज पायाने लोटतो हे बघून तिचा जीव जळायचा.

लिफ्टदुरुस्तीचं काम त्याने स्वभावाला साजेसं निवडलं होतं की कामानेच त्याला निवडलं होतं, देव जाणे. गच्चीवरच्या मशीनरूमपासून तळाच्या खड्ड्यापर्यंत दिवसभर वर-खाली, या इमारतीतून त्या इमारतीत, हाताला ग्रीस आणि खिशात पान्हे. एवढा प्रवास करून संध्याकाळी पाहावं तर गडी जिथून निघाला तिथेच. तरी ती कंपनी त्याने कधी सोडली नाही. बरोबरीचे किती आले, किती गेले. हा चिकटून राहिला. त्यामागे जिद्द होती. आपण बापासारखे नाही हे त्याला दाखवून द्यायचं होतं, आणि मुख्य म्हणजे आईला दाखवून द्यायचं होतं.

कारण आईचं एक ठरलेलं वाक्य होतं. शाळेत तो बाकावर टिकेना, तेव्हा मास्तरांना ती म्हणाली, "बापावर गेलाय." पहिल्या महिन्यातच त्याने शिकाऊ नोकरी सोडायचं काढलं, तेव्हा शेजारणीला म्हणाली, "बापावर गेलाय." लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या सुनेलाही बाजूला घेऊन सांगून झालं, "बापावर गेलाय हो, नंतर म्हणू नकोस की सासूने लपवलं." आणि बाप कसा होता, तर हा पाच वर्षांचा असताना निघून गेला, असा होता. "पायाला भिंगरी होती त्याच्या. चाळिशी उलटली आणि गेला," एवढं आई सांगायची, आणि पुढे काही विचारलं की हातातलं भांडं ओट्यावर आपटायची.

त्याला स्वतःला आठवायचं ते फारच थोडं. सामानाने भरलेला ट्रक, ड्रायव्हरच्या शेजारी आईच्या मांडीवर आपण, आणि जाग आली तेव्हा बाप नाही. त्यानंतर मायलेकांनी किती घरं बदलली याला गणती नाही. कुठे हवा खेळत नव्हती, कुठे शेजार बरा नव्हता, कुठे वरच्या मजल्यावरच्या नळाचा आवाज यायचा. बाप असता तर एका घरात राहिलो असतो, असं त्या पोराला वाटायचं. प्रत्येक नव्या घरात तो बापाच्या नावाने नव्याने बोटं मोडायचा.

आता त्याचीच चाळिशी उलटली होती, आणि साथीच्या दिवसांत माणूस जसा उगाच कपाळाला हात लावून बघतो तसा तो स्वतःवर नजर ठेवून होता. नेमकं तेव्हाच कंपनीतल्या साहेबांनी त्याला बाजूला बोलावलं. समुद्रापलीकडे एक उंचच उंच इमारत उभी राहत होती. तिच्या लिफ्ट बसवायला हात बसलेली माणसं हवी होती. काम तीन वर्षांचं, कुटुंब नेता येणार नाही. "शनिवारी हो की नाही ते सांग," साहेब म्हणाले. "घरी विचारतो," हा म्हणाला, आणि घरी त्याने कोणाला काही विचारलं नाही.

विचारलं नाही, कारण साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं मन निघून गेलं होतं. आधी आनंद झाला, असा आनंद की कित्येक वर्षांत झाला नव्हता. बायको, लेक आणि म्हातारी आई ही माणसं त्याला नंतर आठवली. ती नंतर आठवली, याचीच त्याला दहशत बसली. म्हणजे झालंच, त्याला वाटलं. घड्याळ लावून ठेवावं तसं बापाने हे माझ्यात लावून ठेवलं होतं, आणि आता ते वाजलं.

आता घोड्यांचं सांगायला हवं, कारण घोडे नसते तर पुढचं काही झालंच नसतं.

आदल्या वर्षी लेक कॉलेजच्या जिन्यावरून पडली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. बापाचा तिच्यावर जीव, पण तिच्या उशाशी बसणं त्याला जमेना. बसायचा, पाय हलवायचा, पलंग हलायचा, पोरगी ओरडायची. शेवटी तिने फोन त्याच्या हातात कोंबला. "बाबा, हे खेळ आणि गप बस." तो खेळ घोड्यांच्या शर्यतीचा होता. घोडे खोटे, मैदान खोटं, जिंकलं तर मिळणारा कपही खोटा. पण शर्यत हा त्यातला लहानसा भाग. खरी गंमत होती ती घोडे पैदा करण्यात. एक घोडा निवडायचा, एक घोडी निवडायची, आणि काही तासांत शिंगरू जन्माला यायचं. त्यात कोणाचा वेग उतरेल, कोणाचा दम आणि कोणाचा स्वभाव, ते आधी कळायचं नाही. स्वभाव तर दिवसाभरात शिंगरू मोठं होऊन शर्यतीच्या गेटमध्ये उभं राहिलं की मगच दिसायचा. भिंगरी त्या खेळात असा अडकला की प्लास्टर निघालं तरी बापलेकीचा तबेला चालूच राहिला. बायको म्हणाली, घोड्यांनी का होईना, माणूस खुर्चीला बांधला.

नावं लेक ठेवायची. एका संथ घोड्याचं नाव उशीर, एका भांडखोर घोडीचं नाव शेजारीण. तबेल्याची शान म्हणजे धूमकेतू, काळा कुळकुळीत, पोरीने आजारपणात शिंगरापासून वाढवलेला. त्याच्याशी जोडी लावली होती ती गुपचूप नावाच्या घोडीची. ही घोडी मोठी झाल्यावर विकत घेतलेली, शर्यतीत कधी न धावलेली, डोळे अर्धे मिटून उभी राहणारी. या जोडीची शिंगरं वाऱ्यासारखी पळायची. फक्त एक खोट होती. सगळी बिथरट. गेट उघडायच्या आधीच धडका मारून बाहेर पडायची आणि शर्यतीतून बाद व्हायची. एक झालं, दुसरं झालं, तिसरंही तसंच.

"वळणाचं पाणी वळणावर जाणार," भिंगरी म्हणायचा. वंशावळीच्या पानावर बापाची बाजू सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत असायची. तिथे धूमकेतूच्या नावापुढे पहिल्याच शर्यतीची नोंद होती: गेटमध्ये बिथरला. त्याला तेवढं पुरेसं होतं.

साहेबांनी विचारलं त्याच आठवड्यात, मशीनरूममध्ये डबा खाता खाता त्याने फोन उघडला. चौथ्या शिंगरानेही गेट तोडलं होतं. त्याच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. त्याने धूमकेतूचं पान काढलं आणि 'खच्ची करा' यावर बोट ठेवलं. खेळाने विचारलं, हे परत फिरवता येणार नाही, नक्की? त्याने पुन्हा बोट ठेवलं. मग डबा न संपवताच तो उठला आणि खाली खड्ड्यात उतरून नसलेला बिघाड शोधत बसला.

संध्याकाळी लेक दारातूनच ओरडत आली. "बाबा, धूमकेतूला खच्ची केलंस? मला न विचारता?"

"त्यात विचारायचं काय? खोट त्याच्याकडून येतेय."

"कशावरून?"

"पहिल्याच शर्यतीत बिथरला होता, विसरलीस?"

"एकदा! आणि त्या दिवशी सगळेच बिथरले होते, मैदान ओलं होतं. त्यानंतर कधी हलला तो?"

"एकदा पुरतं," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा फार मोठा निघाला. स्वयंपाकघरातून बायको बाहेर येऊन बघत राहिली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती बापाची लेक, रडायच्या ऐवजी तिने बोलणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही घरात तिच्या चपलांचाच तेवढा आवाज होता.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला मात्र ती फोन घेऊन बसली आणि म्हणाली, "आता सगळ्यांनी ऐका." सगळे म्हणजे बाप, आई आणि आजी. आजी कधी ताटावर पूर्ण बसायची नाही, एक पाय उठण्याच्या तयारीत.

"मी गुपचूपची जोडी दगडोबाशी लावली," लेक म्हणाली. दगडोबा हे तबेल्यातलं सगळ्यात थंड जनावर. शर्यत सुरू झाल्यावरही पळावं की नाही यावर विचार करणारं. "त्यांचं शिंगरू आज गेटमध्ये उभं केलं. त्याने गेट तोडलं, शेजारच्या घोड्याला लाथ घातली आणि मैदानाला उलटी चक्कर मारली. आता बोल, यात धूमकेतू कुठे आहे?"

भिंगरीचा घास हातातच राहिला.

"खोट घोडीची आहे, बाबा. वंशावळीच्या पानावर कोपऱ्यात एक बाण असतो. तो दाबला की आईकडची बाजू उघडते. तू तो बाण कधी दाबलाच नाहीस. गुपचूपची आई बिथरट, तिची आई बिथरट, वरपर्यंत सगळ्या तशाच. ही शांत दिसायची, कारण हिला कोणी कधी गेटमध्ये उभंच केलं नव्हतं. आणि धूमकेतू बिचारा उभा राहायचा गं आई, पुतळ्यासारखा उभा राहायचा. फुकट बदनाम झाला."

"आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून," बायको वाढता वाढता म्हणाली. "पण आड दोन असतात, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही." ती हसली. लेकही दोन दिवसांनी हसली. आजी हसली नाही. ती ताट अर्धं टाकून उठली आणि म्हणाली, "ते कपाट त्या भिंतीला शोभत नाही. ये रे, धर जरा एका बाजूने."

भिंगरी मुकाट्याने उठला. आईच्या खोलीतलं सामान हलवणं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं काम होतं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, मध्ये लोखंडी कपाट.

"आई, मागच्या महिन्यात हे याच भिंतीकडून तिकडे नेलं होतं."

"तेव्हा उजेड वेगळा होता."

कपाट खोलीच्या मधोमध आलं आणि तो थांबला. कपाटाच्या कडेवरून त्याला आईचा हात दिसत होता. पत्र्यावर बोटं वाजत होती, एकामागून एक. आपली बोटं आपण आजवर हजार वेळा पाहिली, त्याला वाटलं, आणि हा हात रोज समोर असून पाहिला नाही.

"आपण घरं कोणाच्या हौसेने बदलायचो गं?" त्याने विचारलं.

"जागा बऱ्या नव्हत्या."

"सगळ्याच?"

"ढकल."

तो ढकलेना. "बाबा कुठे गेले, आई?"

पत्र्यावरची बोटं थांबली. मग ती म्हणाली, "तो कुठे जातोय! त्याला जागचं हलवायला पहार लागली असती."

आणि मग, कपाटाच्या आडोशाने, तोंड दिसत नाही म्हणून असेल, तिने सगळं सांगितलं. बाप रबरी शिक्के बनवायचा. खिडकीशी स्टूल, समोर छोटं टेबल, सकाळी बसला की दिवेलागणीला उठायचा. बोलणं नाही, भांडण नाही. तिचा जीव मात्र भिंतींत गुदमरायचा. लग्नानंतर तिने त्याला एका जागेतून दुसऱ्या, दुसरीतून तिसऱ्या जागेत नेलं, आणि तो शिक्क्यांचं टेबल उचलून मागोमाग आला. पुढच्या खेपेला त्याने सगळं सामान स्वतःच्या हाताने ट्रकमध्ये चढवलं, झोपलेलं पोर तिच्या मांडीवर ठेवलं, दार लावलं आणि खालीच उभा राहिला.

"म्हणाला, माझ्याच्याने आता होत नाही. तू जा. मन नाही रमलं तर परत ये, मी इथेच आहे. मला असा राग आला! म्हटलं, चार दिवसांत झक मारत येईल."

"मग?"

"येणार कुठे? पत्ता कुठे दिला होता मी?"

"आणि मला सांगितलंस तो निघून गेला!"

"अरे, नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला कोण खोली देत होतं? नवरा टाकून गेला म्हटलं की लोक दार उघडायचे. एकदा तसं म्हटलं, दुसऱ्या घरी तेच म्हटलं, मग तेच खरं होऊन बसलं."

त्याला इतका राग आला की कपाट तिच्या अंगावर लोटून द्यावं असं क्षणभर वाटलं. जन्मभर तो एका माणसाला शिव्या देत आला होता, आणि तो माणूस जागचा हललाही नव्हता. "आणि मी बापावर गेलोय, काय?" तो ओरडला.

"माझ्यावर गेलायस," आई म्हणाली. "ते मला बघवायचं नाही."

कपाट त्या रात्री खोलीच्या मधोमधच राहिलं. अंथरुणावर पडल्यावर भिंगरीला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. आई बिथरली, गेट तोडून गेली, खोटं बोलली, सगळं खरं. पण जाताना तिने पोराला मांडीवर घेतलं होतं. आपण निघालो होतो ते एकटेच, आणि वर रक्ताच्या नावावर खपवणार होतो.

शनिवारी तो बसमध्ये बसला. आईने खूण सांगितली होती: गिरणीच्या मागची गल्ली, कोपऱ्यावर चाव्या करणारा, त्याच्यापुढे तीन मजली इमारत. बाप जिवंत आहे की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं. सबंध प्रवासात तो तीनदा जागा बदलून बसला. कंडक्टरने शेवटी विचारलं, "साहेब, बसायचंय की बस तपासायचीय?"

गिरणी बंद पडली होती, चाव्या करणारा नव्हता, इमारत होती. पण तिच्या कपाळावर बिल्डरचा मोठा फलक लागला होता आणि खिडक्यांचे पडदे काढलेले होते. भाडेकरू निघून गेले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच खिडकीत टॉवेल वाळत होता. तो जिना चढला. दार उघडंच होतं. आत खिडकीशी स्टूलवर एक म्हातारा बसला होता, डोळ्याला भिंग लावून, रबराच्या तुकड्यावर उलटी अक्षरं कोरत.

म्हाताऱ्याने मान वर करून त्याचा कंपनीचा शर्ट पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "पुन्हा आलात? सांगितलं ना, मी जागा सोडणार नाही."

"मी तो नव्हे, मी..."

"त्यांच्यातलाच कोणीतरी. हे बघा, तुमच्या नव्या इमारतीत लिफ्ट असेल, उजेड असेल, सगळं कबूल. तुमच्यावर माझा राग नाही. पण माझी बायको पोराला घेऊन गेली आहे. परत आली तर कुठे शोधेल मला?" हे त्याने अशा साध्या सुरात सांगितलं की बायको जणू आत्ताच बाजारात गेली होती.

दाराची चौकट धरून भिंगरी उभा राहिला. मग म्हणाला, "बरी आहे ती. अजून घरातलं सामान हलवत असते."

कोरणी थांबली. म्हाताऱ्याने भिंग काढलं आणि त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून नजर खाली आली आणि पायावर थांबली. उजवा पाय उंबऱ्यावर तालात हलत होता.

"पाय आईचा घेतलास की रे," म्हातारा म्हणाला.

मग दोघेही रडले, आणि त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही. नंतर म्हाताऱ्याने चहा टाकला. कप दोनच होते. त्याने काय काम करतोस, घरी कोण कोण, असं एकेक विचारलं. चहा अर्धा झाला असेल नसेल, साहेबांचा फोन आला. भिंगरीने तो वाजू दिला.

"कोणाचा?" म्हाताऱ्याने विचारलं.

त्याने सांगितलं. उंच इमारत, समुद्र, तीन वर्षं, सगळं.

"घरी काय म्हणाले?"

"घरी सांगितलं नाही."

म्हातारा कप हातात धरून बसला. मग म्हणाला, "जाणाऱ्याचं बरं असतं रे. त्याच्या पायाखाली रस्ता असतो. राहणारा जिन्यावरचं एकेक पाऊल ऐकत बसतो. दूधवाला आला तरी उठून बघतो. जायचं तर जा. माझं काही म्हणणं नाही, मी तिलाही अडवलं नव्हतं. पण मुलगी आहे ना तुला? तिला सांगून जा. पत्ता देऊन जा."

भिंगरी उठला, खिडकीशी गेला आणि साहेबांना फोन लावला. "नाही जमणार, साहेब." का, असं तिकडून आलं. "घरी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला, "आणि विचारायची लाज वाटली, यातच उत्तर आलं." साहेबांना काही कळलं नाही, त्यांनी फोन ठेवला. त्याला पश्चात्ताप होईल असं वाटलं होतं, झालाही थोडा. पाय अजून हलतच होता. हा पाय हलतच राहणार, एवढं त्याला कळून चुकलं.

मग घरी फोन लावला. लेकीने उचलला. ती आता बोलत होती, उलट तिचं बोलणं थांबेना. "भेटले? खरंच? कसे दिसतात? बाबा, तुझ्यासारखे?" त्याने गल्लीचा पत्ता सांगितला आणि म्हणाला, "आजीला घेऊन ये. सगळ्याच या."

"थांब, सांगते तिला." लांबून कुजबुज ऐकू आली, बायकोचा आवाज आला. लेक परत आली ती हळू आवाजात. "बाबा, आजी खुर्चीत बसली आहे. मी सांगितलं तशी जी बसली, ती उठतच नाहीये. आई पाणी देतेय तिला. म्हणते, कोणत्या तोंडाने येऊ."

म्हाताऱ्याचे कान अजून शाबूत होते. त्याने कप खाली ठेवला, कोरणी पुसून डबीत ठेवली, टेबलाला हात टेकून उभा राहिला आणि पायाने चपला शोधू लागला.

"तिला म्हणावं, बसू दे. दमली असेल," तो म्हणाला. "मी येतो."

"तुम्ही? पण तुम्ही तर जागा सोडणार नाही म्हणालात."

"ज्याची वाट बघत होतो तो आला की."

त्याने खुंटीवरचा धुतलेला सदरा चढवला, खिडकी लावली, टॉवेल घडी करून ठेवला. दाराबाहेर आल्यावर त्याने दार नुसतं ओढून घेतलं आणि कठडा धरून जिना उतरायला लागला.

"कुलूप?" भिंगरीने मागून विचारलं.

"कुलूप नाही माझ्याकडे," म्हातारा न थांबता म्हणाला. "कधी लावलंच नाही. मी भाजी आणायला गेलो आणि नेमके तेव्हाच तुम्ही आलात, तर?"